वन्संची सात पानांची रमी

तेविसाव्या वर्षी मी माझ्या आत्तेसासूबाईंना भर पडवीत चोर ठरवलं होतं.

लग्नाला चार महिने झाले होते. मे महिन्यात मालवणला सगळा गोतावळा जमला आणि दुपारी रमीचा डाव पडला. मी पुण्याच्या वसतिगृहात रमी शिकलेली. आपल्यासारखी खेळणारी दुसरी नाही हा समज मी रुखवतासारखा मिरवत सासरी आणला होता. पानं वाटली ती एकवीस. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मला बाईसाहेबांना वाटलं, कोकणात सगळंच सढळ हाताने वाटत असतील. थोड्या वेळाने आत्तेसासूबाईंनी डाव लावून पानं मांडली. त्यात इस्पिकच्या राण्या तीन! मी उभीच राहिले. "दोन कॅटांत इस्पिकच्या तीन राण्या कुठून आल्या? ही लबाडी आहे!"

आत्तेसासूबाईंनी पानं उपडी घातली आणि आत निघून गेल्या. थोरल्या नणंदेने, सुशीलावन्संनी, मला दंडाला धरून विहिरीपाशी नेलं. "गो शाणे, ही एकवीस पानांची. हेका तीन कॅट लागतत. एकाच रंगाची एकसारखी तीन पानां म्हणजे टनेला. तेका मोठो मान! जा, पाय धर." मी पाय धरायला तीन दिवस लावले. तेवढी अक्कल होती मला त्या वयात.

एकवीस पानांची रमी मग मला वन्संनीच शिकवली. कापून निघालेल्या पानाच्या वरचं पपलू, खालचं निचलू, तीन सीक्वेन्स जोकरशिवाय जुळल्याखेरीज बाकी सगळं फुकट. आज माझं वय एकाहत्तर, वन्सं अठ्ठ्याहत्तरच्या. यंदा आंब्यांना मोहोर असताना मी त्यांच्याकडे पाच दिवस राहून आले. पाहुणी म्हणून गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे हेर म्हणून गेले होते.

पाठवलं होतं मिलिंदने, वन्संच्या मुलाने. तो ठाण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. "मामी, आई फोनवर धड बोलत नाही. बघावं तेव्हा शेजारच्या दोघी घरात. पत्ते काय, कागद काय. आपलं घर समुद्राच्या जवळ, सगळ्यांचा त्यावर डोळा. आईला इकडे आणून घर बंद करावं म्हणतो. तू एकदा बघून ये. तू सांगशील तसं ठरवू." माझ्या एका शब्दावर वन्संचं घर राहणार की जाणार हे ठरणार होतं. मला तेव्हा त्याचं ओझं वाटलं नाही, ऐट वाटली.

मालवण, सोमवार

सातारा ते मालवण एसटीचं काही सांगत नाही. बस होती, माझी कंबर होती, दोघींनी मिळून सोसलं.

स्टँडवर रिक्षावाल्याला वाडीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "सुशीलाकाकीकडे ना? तुम्ही मिलिंदाची मामी. साताऱ्याच्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फिलूबायन. कालच सांगल्यान, मामी येतली, सांभाळून हाड म्हणान."

मला सांभाळून आणायचा हुकूम! मी बॅग घट्ट धरली. मी अजून गावात पाऊल टाकलं नव्हतं आणि फिलूबाय कोण हेही मला ठाऊक नव्हतं, पण तिला मी ठाऊक होते.

वन्सं ओट्यावर बसल्या होत्या. मी मुद्दाम काही न बोलता समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कोण ता?"

"अहो वन्सं, मी!"

"शालू! मेल्ये, बोलूक काय झाला तुका? भुतासारखी उभी रवलंस ती!" असं म्हणून त्यांनी मला जवळ ओढलं. बोलताना मात्र त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मी नवी कर्णफुलं घातली होती. मला वाटलं, त्यांची नजर त्या फुलांवर गेली. बाई कुठल्याही वयाची होवो, कर्णफुलांबाबत तिचा गैरसमज कायम राहतो.

आत माजघरात एक बाई उभी होती. सत्तरीची, गाऊन, गळ्यात क्रूस आणि साखळीला लटकलेला चष्मा. ही फिलोमिना, म्हणजेच फिलूबाय, माझं येणं झालं नाही त्या वर्षांत शेजारी राहायला आलेली. आयुष्यभर मालवणात कपडे शिवले, आता घरीच शिवते. तिच्या हातात कसलासा छापील कागद होता. मला पाहताच तिने त्याची घडी केली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उलगडून टेबलावर ठेवला. वन्संचं बोट धरून कागदावर टेकवलं. "हयसर, सुशी. हयसर सही कर." वन्संनी न वाचता सही केली.

"कसला कागद?" मी विचारलं.

"मीटरचा," फिलूबाय म्हणाली. माझ्याशी ती चांगलं पुस्तकी मराठी बोलायची, त्यामुळे तर मला तिचा जास्तच संशय आला. "विजेच्या मीटरचा अर्ज आहे, वयनी. चहा घेणार ना?"

तीन वाजता दुसरी आली. तारा. साठीची, डोक्यात अबोलीचा वळेसर, नवरा होडीवर जायचा तो आता नाही, ही सुकी मासळी विकते. आल्या आल्या तिने मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं, जसं मी बांगडे घेताना पाहते.

आम्ही चौघी चटईवर बसलो. पत्ते पिसण्याआधी ताराने हात जोडले आणि देवळात घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो चार बायलमाणसां तुझ्या पायाकडे पत्ते खेळूक बसली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वन्सं आणि फिलूबाय एका सुरात. फिलूबायने वर छातीवर क्रूसाची खूणही केली.

"ह्येंची पानां बरी येऊ देत. आणि जो कोण भायरसून येवन दुसऱ्याच्या पानात डोकावीत, तेच्या सोलकढीत माशी पडू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेरून आलेली मी एकटीच होते.

पानं वाटली. सात! मी आठव्याची वाट बघत हात पसरून बसले. "संपली," तारा म्हणाली.

"एवढीच? वन्सं, आपण तर एकवीस खेळायचो. आम्ही साताऱ्याला तेरा खेळतो. दोन सीक्वेन्स हव्यात, त्यातली एक जोकरशिवाय. नाहीतर डावच लागत नाही."

"ही वाडीची रमी," फिलूबाय म्हणाली. "जुनी पद्धत आहे. सात पानं, एकच कॅट, जोकर नाही. चार पानांची एक जुळवायची, तिनाची एक. आणि पान टाकताना नाव मोठ्याने सांगायचं."

"ते कशाला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ताराने चौकटची पंजी टाकली आणि माझ्या कानाशी ओरडली, "चौकट पंजी! असा. कळला?"

मी मुकाट्याने खेळले. हरणारीने दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा नारळ विळीवर खोवायचा, ही तिथली रीत. आमच्याकडे हरणारी भेळ आणते, ते बरं, निदान बोटं शाबूत राहतात. पहिल्या डावाला वन्सं जिंकल्या. दुसऱ्याला वन्सं. तिसऱ्याला वन्सं. तीनही वेळा सगळ्यांत वाईट पानं माझ्याकडे. खोबऱ्याचा कीस पाडता पाडता मी मनाशी म्हटलं, ह्या दोघी वन्संना मुद्दाम जिंकवतायत. घोळात घेतायत.

संध्याकाळी ताराने बांगड्याचा तिखला आणून दिला. तिरफळाचा वास, जाडा उकडा भात, वर सोलकढी. सोलकढीत माशी नव्हती, मी आधी बघून घेतलं. जेवण असं झालं होतं की हेरगिरी विसरावी. पण मी विसरले नाही. वन्संच्या घरात वन्संच्या हातचं का नाही? पूर्वी बांगड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत.

सूर्य बुडायच्या वेळी माडांतून किनाऱ्यापर्यंत गेले आणि मिलिंदला फोन लावला. "दोघी डांबिस वाटतात," मी म्हटलं. "पण अजून पुरावा नाही."

कुणकेश्वर, मंगळवार

वन्सं बरोबर येईनात. "माझो देव माका हयसूनच ऐकता. तू जा." पूर्वी महिन्यातून एकदा कुणकेश्वराला जाणारी बाई! मी एकटीच गेले.

ज्यांनी ते देऊळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शंकर अगदी समुद्राच्या तोंडावर बसलाय. गाभाऱ्यात डोळे मिटले की लाट ऐकू येते. आमच्याकडचे देव डोंगरावर चढून बसतात आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. हा चांगला, वाळूतून चालत गेलं की भेटतो. मी डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, त्या फिलूबायचं पितळ उघडं पडू दे.

दर्शन झाल्यावर वाळूत उतरले. ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत जाळी पडली होती, आणि जाळी दुरुस्त करायचं सोडून चार पुरुष रमी खेळत होते. मी थांबले. रमी दिसली की माझे पाय जाग्यावर राहतात, तिथे पुरुष असोत की पोलीस.

"काय आजये, पान सांगतंस?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही इथली सात पानांची खेळता ना? वाडीची?"

"सात? सात पानां शाळेतली पोरां खेळतत. आमी तेरा. दोनशे एक झाले काय भायर."

"आणि एकवीस?"

"ती म्हाताऱ्यांची," दुसरा म्हणाला. " आमची आवस खेळता. टनेला लागलो तर जागेवरसून उठान नाचता."

"पण पान टाकताना नाव ओरडायची तुमच्याकडे पद्धत आहे ना?"

चौघेही माझ्याकडे बघत राहिले. मग त्यातला एक तरुण हसायला लागला. "पानाचा नाव वराडान सांगूचा? मगे पानां लपवन कशाक धरूची? रेडियोरच सांगा मा!"

मी वही काढली. आदल्या रात्रीच त्यात मी 'मालवणी रमी, प्राचीन प्रकार' असा मथळा देऊन सगळे नियम लिहिले होते, साताऱ्याच्या महिला मंडळात वाचून दाखवायला. मथळ्यावर काट मारली. अशी कुठली पद्धतच नव्हती. दोघींनी मला सरळ सरळ थाप मारली होती.

चारला परतले तर तिघी पत्ते घेऊन बसलेल्या. पिसायची पाळी माझी होती. पानं हातात घेतली आणि अंगठ्याला काहीतरी खरखरलं. एका पानाच्या कोपऱ्यात सुईने टोचल्यासारखे बारीक उंचवटे. दुसऱ्याला कडेने चार. तिसऱ्याला दोन. मी चेहरा अगदी कोरा ठेवला. मला तो येतो, बावन्न वर्षं रमी खेळतेय.

खुणा केलेले पत्ते! आणि सुई कुणाच्या घरात? शिंपिणीच्या.

त्या दिवशीही वन्सं जिंकल्या. नारळ मी खोवला.

विजयदुर्ग, बुधवार

बुधवारी फिलूबायने तिच्या भाच्याची गाडी मागवली. "वयनी इतक्या लांबून आल्यात, किल्ला दाखवूया." मला घराबाहेर काढायचा डाव असेल म्हणून मी अट घातली, वन्सं येणार असतील तरच. त्या आल्या. तारानेही दुकानाला सुट्टी दिली.

वाटेत एका खानावळीत शिरवाळे खाल्ले. तांदळाच्या गरम शेवया आणि वर गुळाचा नारळाचा रस. आमच्याकडे शेवया म्हटलं की दूध. इथे गाईचं काम माड करतो. मी दोनदा मागून घेतले.

विजयदुर्गाचा दरवाजा असा वळणात लपवलाय की आत शिरेपर्यंत तो दिसत नाही. तटांमागे तट आणि तीन बाजूंना पाणी. मी तटावर चढून वाऱ्यात उभी राहिले, पदर तोंडावर आला, चप्पल एका दगडाच्या फटीत अडकून तिचा अंगठा तुटला. ताराने लगेच अबोलीच्या वळेसराचा दोरा सोडून तो बांधून दिला. चांगली वागतेय म्हणजे काहीतरी हवंय, असं मी नोंदवून ठेवलं.

पण माझं लक्ष वन्संकडे होतं. त्या तटाला हात लावून चालत होत्या आणि फिलूबायचं तोंड एक क्षण थांबत नव्हतं. "पायरी गो, सुशी. आता चार आसत. आता सपाट. आता उजवीकडे." शेळी हाकतात तसं! माझ्या शिकलेल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करणाऱ्या नणंदेला उजवं-डावं शेजारीण सांगत होती, आणि ती ऐकत होती.

वर मी चौघींचा फोटो काढला आणि वन्संना दाखवला. "बरो इलो हा," त्या म्हणाल्या. "वाऱ्यान केस मात्र इस्कटले." मी फोन परत घेतला तेव्हा कळलं, माझं बोट कुठेतरी लागून पडदा केव्हाच काळा झाला होता. त्यांनी काळा पडदा बघून फोटोचं कौतुक केलं होतं.

दुसरं कुणीही असतं तर तिथेच समजलं असतं. मला काय वाटलं सांगू? वन्संचं मन थाऱ्यावर नाही. त्या सहीत गुंतलंय. माझ्या फोटोकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

परतताना मालवणच्या बाजारात 'टूथपेस्ट घ्यायची आहे' असं सांगून उतरले आणि पत्त्यांचा नवा कोरा कॅट घेतला. संध्याकाळी मिलिंदला सांगितलं, "उद्या दुपारी सगळं उघडं करते."

"मामी, जपून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, जणू त्याला हवं तेच निघणार होतं.

पुन्हा वाडीत, गुरुवार

तीन वाजता गाऱ्हाणं झालं. ताराने जुन्या कॅटला हात घातला तशी मी पिशवीतून नवा काढला.

"वन्सं, तुमच्यासाठी भेट! जुने फार मळलेत."

फिलूबायचा हात साखळीवरच्या चष्म्यावर गेला. "नको, वयनी. नवो घसरता. जुनोच बरो." माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच तिचं पुस्तकी मराठी सुटलं.

"नवो आधी देवाक दाखवूक व्हयो," तारा घाईने म्हणाली. "फाल्या खेळू."

उद्यावर ढकलतायत! पकडलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "असू दे. शालून हाडल्यान हा मा? वाट गो."

मी सात-सात वाटली. वन्संनी पानं उचलली, छातीशी धरली आणि त्यांचा अंगठा कोपऱ्यावरून फिरला. एकदा. पुन्हा एकदा. मग तो थांबला. म्हणजे खुणांचे पत्ते त्यांच्याविरुद्ध नव्हते. खुणा वन्संच वाचत होत्या. माझी नणंद लबाडी करत होती आणि ह्या दोघी तिला सामील होत्या!

वन्संची पाळी आली. त्यांनी एक पान ओढलं, एक टाकलं. "चौकट नव्वी."

चटईवर बदामचा गुलाम पडला होता.

मी तोंड उघडलं. काही बोलायच्या आत ताराने तो गुलाम उचलला. "बरा झाला गो काकी! माका नव्वीच व्हयी होती." आणि तिने तो आपल्या पानांत खोचला, अशी खूश होऊन की मी पुन्हा वाकून बघितलं, कदाचित मलाच चुकलं असेल. गुलामच होता.

पुढच्या फेरीला वन्संनी टाकलं, "किलवर तिर्री." पडली इस्पिकची सत्ती. त्या पानावर आधी ताराने, मग फिलूबायने आपलं पान टाकलं. टाकताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, धमकीही नव्हती. ती नजर माझी होती. गेले तीन दिवस मी त्यांच्याकडे जशी बघत होते, तशी ती माझ्याकडे बघत होती. ही बाई आता काय करील, अशी.

तिसऱ्या फेरीला वन्संनी पानं उघडी करून मांडली. "लागली माझी."

सात पानं. एक्का, दुर्री, राजा, छक्की, चारही रंग. कशाचं कशाशी नातं नाही.

फिलूबाय त्यावर वाकली. "बरोबर आसा," ती म्हणाली.

"जिकलंस काकी," तारा म्हणाली.

मग दोघी माझ्याकडे वळल्या. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, काळा पडदा, कर्णफुलं, 'कोण ता', पायरी गो, बोट धरून केलेली सही, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी माझी पानं खाली ठेवली. "हो," मी म्हटलं. "जिंकलात वन्सं."

"तिगांय खोटारडी!" वन्सं कडाडल्या. "तीन फेऱ्यांत रमी लागता? ती पण शालूच्या हातच्या वाटपान? गो, माझे डोळे गेले, डोक्या नाय गेला. नव्या कॅटाचो वास माका पिशवीत असतानाच इलेलो. मी म्हटलंय, परीक्षा घेता मा माझी? मगे मीय घेतंय. बघतंय कोण खरा बोलता."

मग ताराच फिस्सकन हसली. "काकी, तू आमका फशी पाडलंस?"

"तुमका नाय. हिका."

नंतर फिलूबायने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वन्संना पानांवरचे मधले बदाम दिसेनासे झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दृष्टीचा मधला भाग जातोय, कडेचं राहील, ऑपरेशनने परत यायचं नाही. म्हणून त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. कानाकडे बघितलं की तोंड कडेला येतं. एकवीस पानं हाताने वाचता येईनात तेव्हा तिघींनी तेरा केली. फिलूबायने एकेका पानाला सुईने खुणा केल्या, कोपऱ्यात रंग आणि कडेला आकडा. तेराही जड जायला लागली तेव्हा दहा. गेल्या गणपतीपासून सात. टाकलेलं पान दिसत नाही म्हणून नाव ओरडायचं. आणि सोमवारचा तो कागद खरोखरच मीटरचा होता.

"आणि त्या जिंकतात त्या?"

"खेळान जिकता," तारा रागाने म्हणाली. "आमी कित्याक जिकवतलंव तिका? पाच वरसां मीच नारळ खोवतंय!"

"मला थाप का मारलीत? वाडीची पद्धत म्हणून?"

"तुम्ही रोज वहीत लिहितास," तारा म्हणाली. "रोज सांजेक माडात जावन मिलिंदाक फोन करतास. आमका काय कळणा नाय? तो हिका न्हेवूक टपलेलो. तुमका तेनाच धाडल्यान ना?"

मी खोटं बोलले नाही. "हो. त्यानेच पाठवलंय. आणि मी सांगेन तसं तो करणार आहे."

वन्संनी पत्ते गोळा केले. एकेक पान चाचपून, नवे असले तरी सवयीने. "चौदावो माळो," त्या म्हणाल्या. "थंय माका कुठलीच भिंत ओळखणा नाय. हयसर चूल खंय, न्हाणी खंय, बावडेक किती पावलां, सगळा पायांक पाठ आसा. थंय मी खुर्चेर बसान रवतलंय. सून चांगली आसा. म्हणानच भिया वाटता. ती माका काय करूक देवची नाय."

"पण वन्सं, तुमच्या बावडेला, त्या विहिरीला, कठडा नाही, शेगडी आहे. उद्या काही झालं तर त्याने मला विचारावं, मामी, तुला ठाऊक होतं ना?"

"काय सांगतलास मगे?" तारा.

खरं सांगावं तर त्यांचं घर माझ्या हातून बंद होणार. खोटं सांगावं तर आंधळेपणावर मी पांघरूण घातलेलं. चार दिवस पुरावा शोधत हिंडले आणि तो हातात आला तर कुठे ठेवावा हे कळेना.

"फोन लाव," वन्संच म्हणाल्या.

"वन्सं, मी..."

"तू लाव. बोलतंय मी."

मी तिथूनच लावला. रेंज कशीबशी होती. वन्संनी फोन कानाला लावला आणि आपल्या मुलाला पहिल्यांदा सांगितलं, "मिलिंदा, माका मधला दिसणा नाय. दोन वरसां झाली. ...नाय, मामीन नाय सांगल्यान, मी सांगतंय. ...रडू नको. ...नाय, थंय येवचंय नाय. तू हय ये. आधी बघ, मगे काय ता ठरव." मग मिलिंद इतकंच म्हणाला की शनिवारी निघतो.

फिलूबायने आपला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काढला. नारळ त्या दिवशी कुणीच खोवला नाही.

शुक्रवार, आणि त्यानंतर

निघताना तारा रिक्षापर्यंत आली. सुक्या बांगड्यांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली, पण हसली नाही. "तो तिका घेवन गेलो तर," ती म्हणाली, "फोन तुमच्या हातातलो होतो, ह्या ध्यानात ठेवा." मी मान हलवली. भांडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

साताऱ्याला येऊन मंडळात मी काहीच वाचून दाखवलं नाही. महिनाभर फोन वाजला की मला मिलिंदचा वाटायचा, आणि मिलिंद काही फोन करेना. वन्संनाही करायला मी धजावले नाही. कुठल्या घरात वाजेल कोण जाणे.

मग एका सकाळी त्यांचाच आला. मागे कोंबडा आरवत होता, म्हणून मी आधी एक श्वास घेतला. वन्सं म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"इलो होतो गो. आठ दिस रवलो. बावडेक कठडो बांधल्यान, शेगडी बदलल्यान, रोज रमीत आमच्याकडे हरलो. माका न्हेवूक दोन बॅगो हाडलेल्यान. जाताना माका म्हणता, 'आई, तू बारीक झालंस.' मी म्हटलंय, 'झिला, तुझा तोंड माका दिसणा नाय, पण तू बसलंस काय खाट जी कुरकुरता, तेच्यावरसून कळता, तू जाडो झालंस.' हसलो मेलो. हसान हसान रडलो. आणि मगे दोनय बॅगो उचलल्यान आणि एकटोच गेलो."